विश्लेषण : क्रूझच्या केबिनमधला सिगारेटचा वास जाता का जात नाही?

समुद्रसफरीसाठी घसघशीत पैसे मोजायचे, बॅगा ओढत केबिनपर्यंत पोहोचायचे आणि दार उघडताच नाकात शिरायचा तो जुन्या सिगारेटचा शिळा वास! क्रूझने फिरणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. बहुतेक मोठ्या कंपन्यांनी केबिनमध्ये धूम्रपानाला बंदी घालून दहा वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी वास संपलेला नाही. तो नेमका कुठे दडून बसतो, सुगंधी फवारे आणि ओझोन यंत्रांनी खरेच जातो का, त्याची किंमत कोण मोजते आणि प्रवाशाने पहिल्या तासात काय करावे, याविषयी...

आपल्याकडे हा विषय महत्त्वाचा का?

क्रूझ ही आता केवळ अमेरिका-युरोपातील पर्यटकांची चैन राहिलेली नाही. मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपकडे जाणाऱ्या सफरींमध्ये मराठी कुटुंबे, ज्येष्ठ नागरिकांचे गट आणि नवविवाहित जोडपी दिसू लागली आहेत. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४मध्ये 'क्रूझ भारत मिशन' जाहीर केले. २०२९पर्यंत क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन सप्टेंबर २०२५मध्ये झाले. सिंगापूर, दुबई किंवा भूमध्य समुद्रातील सफरी विकणाऱ्या पर्यटन कंपन्याही वाढल्या आहेत.

हॉटेलची खोली आवडली नाही तर रात्रीतून दुसरे हॉटेल गाठता येते. जहाजावर ती सोय नसते. जहाज पूर्ण भरलेले असेल तर मिळालेल्या केबिनमध्येच तीन, सात किंवा चौदा रात्री काढाव्या लागतात. त्यामुळे वासाचा प्रश्न जमिनीपेक्षा समुद्रात अधिक त्रासदायक ठरतो.

वास हवेत असतो की वस्तूंमध्ये?

सिगारेटच्या धुरात अतिसूक्ष्म कण असतात आणि निकोटिनसह हजारो रासायनिक संयुगे असतात. धूर डोळ्यांना दिसेनासा झाला म्हणजे तो निघून गेला असे होत नाही. त्याचा काही भाग भिंती, छत, पडदे, गालिचा, गादी, सोफ्याचा फोम आणि एसीच्या आतील पृष्ठभागांवर चिकटून राहतो. या चिकटलेल्या अवशेषांना 'थर्ड हँड स्मोक', म्हणजेच तिसऱ्या टप्प्यातील धूर म्हणतात. ओढणाऱ्याच्या फुप्फुसात जाणारा पहिला, शेजाऱ्याच्या नाकात जाणारा दुसरा आणि वस्तूंवर उरणारा तिसरा. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ जोनाथन विनिकॉफ आणि सहकाऱ्यांच्या २००९मधील शोधनिबंधानंतर ही संज्ञा सर्वत्र रूढ झाली.

हे अवशेष एकाच जागी गप्प बसत नाहीत. तापमान किंवा आर्द्रता वाढली की ते हळूहळू पुन्हा हवेत मिसळतात. म्हणूनच सकाळी थंडगार केबिनमध्ये न जाणवलेला वास दुपारी एसी बंद असताना उग्र होतो. दार-खिडकी उघडून हवा बदलली, तरी तासाभरात तो परततो, कारण बदलली ती फक्त हवा. वास सोडणारे 'कोठार' गालिच्यात आणि गादीत तसेच राहते.

हे कोठार किती काळ टिकते, याची कल्पना दोन अभ्यासांवरून येते. सॅन दिएगो स्टेट युनिव्हर्सिटीतील जॉर्ज मॅट यांच्या गटाने धूम्रपान करणाऱ्यांनी सोडलेली घरे तपासली. ती सुमारे दोन महिने रिकामी राहिली, त्यांची साफसफाई झाली, तरी नव्याने राहायला आलेल्या धूम्रपान न करणाऱ्यांच्या घरात निकोटिनचे अंश सापडले. याच गटाने कॅलिफोर्नियातील एका कॅसिनोचा धूम्रपानबंदीनंतर मागोवा घेतला. हवेतील धूर लगेच घटला, पण पृष्ठभागांवरचे आणि धुळीतले अवशेष सहा महिन्यांनंतरही पुरते गेले नव्हते.

जहाजाच्या रचनेचा यात काय वाटा?

क्रूझची केबिन म्हणजे लहान, कमी उंचीची, कापड आणि फोमने भरलेली खोली. खोली जितकी लहान, तितके हवेच्या तुलनेत पृष्ठभागांचे प्रमाण जास्त आणि धूर चिकटायला जागाही जास्त. आतल्या बाजूच्या स्वस्त केबिनना तर खिडकीच नसते.

जहाजावर बाहेरची हवा मध्यवर्ती यंत्रणेत ओढली जाते, थंड आणि कोरडी केली जाते आणि डक्टमधून केबिनच्या छतापर्यंत पोहोचवली जाते. वापरलेली हवा मुख्यतः बाथरूममधील एक्झॉस्टवाटे बाहेर पडते. अनेक जहाजांवर, विशेषतः जुन्या, ऊर्जा वाचवण्यासाठी काही हवा फिरवून पुन्हा वापरली जाते. ही यंत्रणा संपूर्ण जहाजासाठी एकच नसते. आगीच्या दृष्टीने जहाजाचे उभे विभाग पाडलेले असतात आणि साधारणपणे प्रत्येक विभागाची हवा वेगळी हाताळली जाते.

ही सारी व्यवस्था दाबाच्या नाजूक फरकावर चालते. एक्झॉस्ट धुळीने अर्धवट बंद झाला की हवा केबिनमध्येच रेंगाळते. बाल्कनीचे दार उघडले की दाबाचे गणित बदलते. कधी केबिनमधली हवा बाहेर जाते, तर कधी शेजारच्या बाल्कनीतला किंवा कॉरिडॉरमधला धूर आत खेचला जातो. त्यात अनेक जहाजांवर बाल्कनीचे दार उघडे राहिले की त्या केबिनचा एसी आपोआप थांबतो. मग समुद्राची दमट, उबदार हवा आत भरते आणि गालिच्यातला जुना वास उलट जागा होतो.

बंदी आहे, मग धूर येतो कुठून?

प्रिन्सेस क्रूझेसने जानेवारी २०१२पासून केबिन आणि बाल्कनी दोन्ही ठिकाणी धूम्रपान बंद केले. कार्निव्हलने डिसेंबर २०११मध्ये केबिनमध्ये आणि ऑक्टोबर २०१४मध्ये बाल्कनीत बंदी आणली. रॉयल कॅरिबियनने २०१४च्या सुरुवातीला बाल्कनीही धूम्रपानमुक्त केल्या. काही युरोपीय कंपन्यांनी मात्र बाल्कनीतली मुभा बरीच वर्षे कायम ठेवली.

नियम मोडणाऱ्याच्या खात्यावर सफाईचा खर्च म्हणून साधारण २५० ते ५०० डॉलर टाकले जातात. तरीही चार वाटांनी वास येतो. पहिली वाट, आधीच्या प्रवाशाने चोरून ओढलेली सिगारेट. बाथरूममध्ये एक्झॉस्टखाली उभे राहून ओढली की कुणाला कळणार नाही, हा सार्वत्रिक समज. दुसरी, शेजारच्या बाल्कनीतला धूर. जहाज २० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ३७ किलोमीटर वेगाने पुढे जात असते, तेव्हा धूर मागच्या केबिनकडे ढकलला जातो. तिसरी, कॅसिनो किंवा उघड्या डेकवरील धूम्रपानाची अधिकृत जागा. चौथी वाट सिगारेटची नसतेच. जहाजाच्या धुराड्यातून निघालेला इंधनाचा धूर वाऱ्याची दिशा बदलली की मागच्या बाजूच्या डेकवर उतरतो. सिगारेटचा वास शिळा आणि कडवट असतो, तर इंधनाचा डिझेलच्या जनरेटरसारखा. तक्रार करण्यापूर्वी हा फरक ओळखला तर उपायही लवकर सापडतो.

बाल्कनीत बंदी केवळ वासामुळे आली का?

नाही. २३ मार्च २००६च्या पहाटे 'स्टार प्रिन्सेस' हे जहाज ग्रँड केमनहून जमैकातील माँटेगो बेकडे जात असताना एका बाल्कनीत आग लागली. आग काही मिनिटांत वरच्या डेकवर पसरली आणि अनेक केबिन जळाल्या. धुरामुळे एका प्रवाशाचा मृत्यू झाला. ब्रिटनच्या सागरी अपघात अन्वेषण विभागाने चौकशी केली. न विझवता टाकून दिलेल्या सिगारेटच्या थोटकाने बाल्कनीतील ज्वलनशील वस्तू पेटल्या असाव्यात, हे सर्वांत संभाव्य कारण ठरले. बाल्कन्यांमधले प्लास्टिकचे आडोसे आणि खुर्च्यांनी आगीला खाद्य पुरवले. बाल्कनीत पाण्याचे फवारे नव्हते.

त्यानंतर सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारात, म्हणजे 'सोलास'मध्ये दुरुस्ती झाली. १ जुलै २००८पासून बाल्कनीतील सामान कमी ज्वलनशील असणे, नाही तर तिथे आग ओळखणारी आणि पाणी फवारणारी यंत्रणा असणे बंधनकारक झाले. बाल्कनीतून खाली टाकलेले थोटूक समुद्रातच पडेल याची खात्री नसते. वाऱ्याने ते खालच्या बाल्कनीत जाऊ शकते.

आरोग्याला धोका किती?

नुसत्या वासाने कोणी आजारी पडतो असे सरसकट म्हणता येत नाही. मात्र वास हा अवशेष शिल्लक असल्याचा संकेत आहे. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या संशोधकांनी २०१०मध्ये दाखवून दिले, की पृष्ठभागावर चिकटलेल्या निकोटिनची हवेतील नायट्रस आम्लाशी अभिक्रिया होऊन नायट्रोसामाइन गटातील संयुगे तयार होतात. या गटातील काही संयुगे कर्करोगकारक आहेत. म्हणजे धूर शिळा झाला की निरुपद्रवी होतो, असे नाही.

मॅट यांच्या गटाने कॅलिफोर्नियातील हॉटेलांचाही अभ्यास केला होता. ज्या हॉटेलांत काही खोल्यांमध्ये धूम्रपानाला परवानगी होती, तिथल्या 'नो स्मोकिंग' खोल्यांतही पूर्ण बंदी असलेल्या हॉटेलांपेक्षा निकोटिनचे अंश जास्त आढळले. तिथे एक रात्र राहिलेल्या, धूम्रपान न करणाऱ्या पाहुण्यांच्या बोटांवरही निकोटिन सापडले. एकाच इमारतीत 'काही खोल्या धूरमुक्त' ही कल्पना कितपत टिकते, यावर या निष्कर्षाने प्रश्नचिन्ह उभे केले. जहाज तर हॉटेलपेक्षाही बंदिस्त.

सर्वाधिक काळजी घ्यायची ती रांगणाऱ्या बाळांची. ती गालिच्यावर खेळतात, हात तोंडात घालतात. दमा किंवा ॲलर्जी असलेल्यांना आणि गर्भवतींनाही अशी केबिन टाळलेली बरी.

ओझोन यंत्राने वास कायमचा जातो?

वासाची तक्रार आली की बरेचदा केबिन बंद करून त्यात ओझोन यंत्र लावले जाते. ओझोन वासाच्या रेणूंवर अभिक्रिया करून त्यांचे स्वरूप बदलतो. त्यामुळे वास कमी झालेला जाणवतो, पण गादीच्या आतपर्यंत तो पोहोचत नाही. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सांगते, की आरोग्याला सुरक्षित असलेल्या पातळीत ओझोन वास घालवण्यास फारसा प्रभावी नसतो आणि प्रभावी ठरेल इतका ओझोन फुप्फुसांना घातक असतो. म्हणून हे यंत्र चालू असताना केबिनमध्ये कुणीही थांबू नये आणि नंतर केबिन पुरेशी हवेशीर व्हावी लागते. शिवाय ओझोन आणि निकोटिनच्या अभिक्रियेतून अतिसूक्ष्म कण तयार होतात, हेही बर्कले प्रयोगशाळेच्याच संशोधनात दिसले आहे.

हेपा फिल्टर कण पकडतो, वायू नाही. वायूंसाठी सक्रिय कोळशाचा फिल्टर लागतो. पण गालिच्यातून वास बाहेर पडतच असेल तर फिल्टर केवळ पाठलाग करत राहतो. सुगंधी फवारा तर वासावर वास चढवतो. खरा उपाय कष्टाचा आहे. पडदे, गादीचे आवरण, उशा बदलणे, गालिचा आणि सोफा यंत्राने धुणे, भिंती-छत पुसणे, एसीचा फिल्टर बदलणे आणि एक्झॉस्टची जाळी साफ करणे. मुरलेल्या वासासाठी गालिचा आणि गादीच बदलावी लागते.

मग हा भार कोणावर पडतो?

सकाळी जुने प्रवासी उतरतात आणि दुपारी नवे चढू लागतात. मधल्या काही तासांत एका केबिन स्टुअर्डला डझनभर किंवा त्याहून अधिक केबिन तयार करायच्या असतात. चादरी बदलणे, बाथरूम घासणे, व्हॅक्यूम मारणे यातच वेळ संपतो. गालिचा धुऊन वाळवायला तेवढा वेळ पुरत नाही. म्हणून फवारा मारून काम भागवले जाते आणि समस्या पुढच्या प्रवाशाकडे सरकते.

याची दुसरी बाजू क्वचितच चर्चेत येते. प्रवासी आठवड्याने घरी जातो, स्टुअर्ड मात्र सहा ते नऊ महिन्यांच्या करारावर त्याच कॉरिडॉरमध्ये राबतो. धुराने माखलेल्या चादरी आणि पडदे तोच हाताळतो. जगभरातील क्रूझवर भारतीय कर्मचारी मोठ्या संख्येने आहेत. गोव्यात 'तारवटी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जहाजी नोकरदारांची परंपरा पिढ्यान् पिढ्यांची आहे, मुंबई आणि कोकणातील तरुणही या क्षेत्रात आहेत. प्रवाशाने बाथरूममध्ये चोरून ओढलेल्या सिगारेटचा त्रास त्यांच्यापैकीच कुणाला तरी होत असतो.

कंपन्या संपूर्ण जहाज धूरमुक्त का करत नाहीत?

हा प्रयोग होऊन गेला आहे. कार्निव्हलने १९९८मध्ये 'पॅराडाइज' हे जहाज पूर्णपणे धूम्रपानमुक्त म्हणून समुद्रात आणले. नियम मोडणाऱ्याला २५० डॉलर दंड आणि पुढच्या बंदरावर स्वखर्चाने उतरवण्याची तरतूद होती. २००४मध्ये हे धोरण गुंडाळण्यात आले. धूम्रपान करणारे प्रवासी कॅसिनो आणि बारमध्ये जास्त खर्च करतात, हे त्यामागचे व्यावसायिक गणित मानले जाते. तिकिटांखेरीज जहाजावरील खर्चातूनही उत्पन्न मिळवणाऱ्या उद्योगात हे गणित दुर्लक्षिण्यासारखे नाही. म्हणूनच केबिन आणि बाल्कनीत कडक बंदी असलेल्या अनेक जहाजांच्या कॅसिनोत आजही सिगारेट ओढता येते.

इमारतींतील हवेसंबंधी मानके ठरवणाऱ्या 'ॲशरे' या अभियंत्यांच्या संस्थेची भूमिका याबाबत स्पष्ट आहे. वायुवीजन वाढवून किंवा हवा शुद्ध करून तंबाखूच्या धुराचा धोका पूर्णपणे घालवता येत नाही. तो घालवायचा तर बंदिस्त जागेत धूम्रपानच थांबवावे लागते.

प्रवाशांनी काय करावे?

- बुकिंग करतानाच डेकचा नकाशा पाहावा. कॅसिनोच्या लगेच वर-खाली, जिन्याजवळ किंवा उघड्या डेकवरील धूम्रपान जागेच्या मागच्या बाजूची केबिन टाळावी.
- कंपनीचे धूम्रपानविषयक धोरण वाचावे. बाल्कनीत मुभा आहे का, हे आधी विचारावे.
- केबिनमध्ये शिरताच पहिल्या दोन-तीन मिनिटांत वास तपासावा. नाक वासाला पटकन सरावते. नंतर शंका आली तर १५ मिनिटे मोकळ्या डेकवर जाऊन परत यावे. तिथे सतत काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला वास जाणवला नाही, म्हणून तक्रार खोटी ठरत नाही.
- पडदा, सोफा, एसीची जाळी, बाथरूम यापैकी वास कुठे तीव्र आहे ते पाहावे. टिश्यू पेपरचा तुकडा एक्झॉस्टच्या जाळीला लावावा. तो चिकटून राहिला तर हवा खेचली जाते आहे. खाली पडला तर बिघाड नोंदवावा.
- सामान न उघडता लगेच गेस्ट सर्व्हिसेसला कळवावे. दुसरी केबिन मागावी. ती नसेल तर 'फवारा नको. पडदे, गादीचे आवरण आणि एसीचा फिल्टर बदला, गालिचा धुवा' अशी नेमकी मागणी करावी. तक्रारीची वेळ आणि उत्तर लिहून ठेवावे. घरी आल्यावर दाद मागायची तर हीच नोंद कामी येते.
- ओझोन यंत्र लावणार असतील तर ते किती वेळ चालेल आणि त्यानंतर किती वेळाने आत जाता येईल, हे विचारून घ्यावे.
- लहान मूल असेल तर गालिच्यावर स्वतःची धुतलेली चादर अंथरावी आणि त्याचे हात वारंवार धुवावेत.

काय करू नये?

वास मारण्यासाठी उदबत्ती, धूप, कापूर किंवा मेणबत्ती पेटवणे जहाजावर पूर्णपणे निषिद्ध आहे. अशा वस्तू सामानाच्या तपासणीत काढून घेतल्या जाऊ शकतात. घरून नेलेली विजेची उपकरणेही परवानगीशिवाय वापरू नयेत.

खाण्याचा सोडा शिंपडण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. सोडा आम्लधर्मी वासांवर चांगला चालतो. निकोटिन स्वतःच अल्कधर्मी असल्याने इथे त्याचा उपयोग मर्यादित. पाण्यात मिसळलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने टेबल, दाराचे हँडल असे कठीण पृष्ठभाग पुसल्यास निकोटिनचे अंश विरघळून निघायला मदत होते. पण ब्लीचमध्ये व्हिनेगर कधीही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

कायदा काय सांगतो?

भारतात २००३च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार आणि २ ऑक्टोबर २००८पासून लागू झालेल्या नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास बंदी आहे. ३० किंवा अधिक खोल्यांच्या हॉटेलांना मात्र धूम्रपानासाठी वेगळ्या जागेची सवलत आहे. खुल्या समुद्रात जहाजावर ज्या देशाचा ध्वज, प्रामुख्याने त्याच देशाचा कायदा चालतो. बहामा, पनामा, माल्टा हे क्रूझ उद्योगाचे आवडते ध्वज. प्रत्यक्षात प्रवाशाला आधार उरतो तो तिकिटासोबतच्या कराराचा आणि कंपनीच्या नियमांचा.

भारतात हा उद्योग अजून आकार घेत आहे, हे एका अर्थी पथ्यावर पडणारे आहे. नव्या किंवा नूतनीकरण होणाऱ्या जहाजांत गालिच्याऐवजी धुता येणारी जमीन, काढता येणारी आवरणे आणि तक्रार आलेली केबिन एका फेरीसाठी रिकामी ठेवण्याची मुभा, या गोष्टी महागड्या यंत्रांपेक्षा सोप्या आहेत. वास मुरू देण्याआधीच थांबवणे स्वस्त पडते. एकदा तो गादीत आणि गालिच्यात गेला, की त्याचा खर्च पुढचे कित्येक प्रवासी आणि ती केबिन रोज झाडणारा स्टुअर्ड फेडत राहतात.